पांढरा गंज

“डोळ्यापुढं चिलटं उडत्यात गं अनू,” असं आई मला जानेवारीच्या अखेरीस दोनदा म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा मी कांद्याची टोपली हलवली. आई म्हणजे माझ्या सासूबाई, पुतळाबाई. पहिल्यांदा टोपली ओट्याखालून काढून खिडकीशी ठेवली, दुसऱ्यांदा खिडकीशी होती ती गॅलरीत नेली. चिलटं होतीच. आमच्या दिघीच्या घरात कांदा किलोने येत नाही, चाकणच्या पलीकडच्या सासरच्या गावाहून गोणीने येतो, आणि गोणीच्या तळाशी एखादा नासका निघतोच. त्यावरची चिलटं मला दिसत होती, त्यांना दिसत होती, पाच वर्षांची माझी ओवी तर टाळ्या वाजवून मारत होती. मग शंका घ्यायची कशाला? टोपली बाहेर गेली, दोन दिवसांत चिलटं संपली, ती हाकलणारा माझा हात थांबला. आईंचा थांबला नाही. चहा पिताना, टीव्हीसमोर, देवाला हळदकुंकू वाहताना त्या डाव्या डोळ्यासमोरून हात फिरवत राहिल्या, हळूच, कोणाचं लक्ष जाऊ नये असा. माझं गेलं. माझं सगळीकडेच जातं. ओवीच्या शिंकेचा आवाज बदलला तरी मी थर्मामीटर शोधते. पण तो हात पाहून मी मनात म्हटलं, सवय लागलीय. नंतर एकदा दिवेलागणीला त्या म्हणाल्या की कोपऱ्यात लख्ख होतंय, वीज चमकल्यासारखं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फॅब्रिकेशनचं दुकान आहे, तिथे संध्याकाळी गेटांचं वेल्डिंग चालतं आणि निळा उजेड आमच्या भिंतीवर येतो. मी उठून पडदा ओढला. पडदा ओढल्यावरही त्या त्याच कोपऱ्याकडे बघत होत्या, हे मी पाहिलं. पाहिलं आणि कुकर लावायला गेले. बी.एस्सी.ला आम्हाला शिकवलं होतं की एक कारण सापडलं म्हणून थांबायचं नसतं. मला दोन सापडली होती, दोन्ही खरी होती, आणि मी थांबले.

दोन महिन्यांनी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पिंपरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात निळ्या खुर्चीवर बसले असताना ती टोपलीच पुन्हा पुन्हा डोक्यात येत होती. शेजारी आई, बाहुली मोठी व्हायचे थेंब घातलेला डावा डोळा मिटून, पदर डोक्यावर. त्यांच्या पलीकडे ओवी, गुलाबी काड्यांचा चष्मा, पाय हलवत. थेंबांचा परिणाम व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतर आत बोलावणार, आणि ऑपरेशन केलेला डोळा टिकला की नाही ते आज कळणार. आदल्या दिवशी घरात जे उघडकीला आलं होतं त्यानंतर आम्ही सासूसुना कामापुरतंच बोलत होतो. चहा ठेवलाय. हं. चप्पल कुठाय. दाराशी. समोरच्या भिंतीवर डोळ्याचं मोठं रंगीत चित्र होतं, मधोमध कापलेलं, आणि मी त्यातल्या पारदर्शक जेलीकडे बघत बसले होते. आईंच्या डाव्या डोळ्यात ती जेली आता नाही. काढून टाकली आहे. हे वाक्य मी सहा आठवडे मनात घोळवत होते आणि तरीही दर वेळी ते नव्यानेच कळल्यासारखं वाटायचं.

उजवा डोळा त्यांचा लग्नाआधीच गेलेला. बाजरी कापताना पडल्या आणि धस्कट घुसलं. आता त्यात उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. म्हणजे जे काही बघायचं ते डाव्याने, आणि त्या डाव्याला उणे आठचा जाड चष्मा. एवढ्या एका डोळ्यावर त्यांनी संसार केला, कांद्याची रोपं लावली, माझ्या नवऱ्याला, सुजितला, इंजिनिअर केलं. आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी तव्यावरची भाकरी उचलली आणि ताटात न ठेवता ताटाशेजारी, ओट्यावर ठेवली. मला वाटलं गंमत करतायत. मग दुसरीही तिथेच ठेवली. “नाकाच्या बाजूनं घोंगडं पडल्यावानी झालंय,” त्या म्हणाल्या, जरा शरमून, जसं काही भांडं फुटलं होतं त्यांच्या हातून. सुजितची कंपनीची बस केव्हाच चाकणला गेली होती. ओवीला शेजारी सोपवून मी आईंना रिक्षात घातलं. डॉ. चारुलता मॅडमनी कपाळावरच्या दिव्याने बराच वेळ आत पाहिलं, एकदाही मान न हलवता, आणि मग आईंना नाही, मला विचारलं की चिलटं दिसायला लागून किती दिवस झाले. मी म्हटलं, पंधरा. चिलटं, हा शब्द त्यांनी स्वतःहून वापरला होता. त्यांच्याकडे येणारे सगळे हाच शब्द घेऊन येत असणार. डोळ्यातली जेली वयाने आकसली, तिने मागच्या पडद्याला ओढ दिली, पडदा फाटला, फटीतून पाणी मागे शिरलं आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत चालला. ती वीज म्हणजे ओढ. ती चिलटं म्हणजे फाटताना सांडलेले कण. तेव्हाच आला असतात तर लेझर मारून इथल्या इथे घरी पाठवलं असतं, हे मॅडम अजिबात न रागावता बोलल्या, आणि मला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “मधला भाग अजून चिकटून आहे. तो सुटला की मी कसलाच शब्द देणार नाही.” मी विचारलं, कधी करायचं. त्या म्हणाल्या, “आज.”

सुजित चाकणहून आला तो कंपनीचा निळा शर्ट अंगात घेऊनच. ऑपरेशन संध्याकाळी झालं. जेली काढली, पडदा बसवला, फटीच्या कडेने लेझर मारलं आणि पडदा आतून दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. बुडबुडा नेहमी वर चढतो, म्हणून पेशंटने मान खाली ठेवायची. दहा दिवस. झोपायचं पालथं, बसायचं मान घालून, जेवायचं तसंच. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की भलेभले दुसऱ्या दिवशी कंटाळतात आणि तिसऱ्या दिवशी चोरून मान वर करतात, लक्ष ठेवा. लक्ष ठेवायला मी होतेच. पण आईंनी मला ती संधीच दिली नाही. “चाळीस वर्सं कांदा निवडलाय,” त्या उशीत तोंड घालून म्हणाल्या. “सकाळी खाली गेलेली मान दिवस बुडाल्यावर वर यायची. आता घरात, गादीवर, सून चहा देतीय. ह्याला काय शिक्षा म्हनायचं व्हय?” तिसऱ्या दिवशी हाताला काम नाही म्हणून त्या कासावीस झाल्या आणि गोणी मागितली. मी धुळीचं नाव काढून नाही म्हटलं. मग ओवीने आपले प्लॅस्टिकचे मणी परातीत ओतून परात पलंगाखाली सरकवली. आईंचे दोन्ही हात पलंगाच्या कडेवरून खाली, मान खाली, डोळ्यावर कवच, आणि बोटं चालू. ही गोल्टी, हा मध्यम, हा मोठा. दोन मणी एकमेकांना चिकटलेले निघाले तर, “हा जोड, ह्यो बाजूला.” ओवी जमिनीवर उताणी झोपून आजीच्या तोंडाकडे बघत राहायची, कारण त्या दहा दिवसांत आजीचा चेहरा पाहायचा तर तेवढी एकच जागा होती. मी दारात उभी राहून ते बघायचे आणि मला हेवा वाटायचा, नक्की कोणाचा ते कळायचं नाही.

हळूहळू बुडबुडा विरत गेला तसा डोळ्यात वरून स्वच्छ उजेड यायला लागला आणि खाली पाण्याची रेघ दिसायला लागली. ती रेघ रोज उतरत होती. आई सांगायच्या, आज कपाळाशी, आज भुवईशी, आज नाकाच्या शेंड्याशी, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरावं तशी. मी ते फ्रीजवरच्या तक्त्यावर लिहायचे. हो, तक्ता होता. मला तक्त्याशिवाय काळजी करता येत नाही. ओवी होईपर्यंत मी चाकणला एका कंपनीच्या लॅबमध्ये होते, गंजाच्या. तिथे जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट एका बंद पेटीत दोऱ्याने टांगायचे आणि त्यांच्यावर मिठाच्या पाण्याचं ऊन धुकं सोडायचं, चोवीस तास, अठ्ठेचाळीस, बहात्तर. दर दिवशी झाकण उघडून बघायचं आणि लिहायचं. नवी होते तेव्हा बहात्तराव्या तासाला बोल्टावर पिठासारखं पांढरं दिसलं आणि मी धावत लॅबमधल्या जुन्या ज्योतीराम सरांकडे गेले, माल नापास म्हणून. सर सगळ्यांनाच राव म्हणायचे, मुलींनासुद्धा. “पांढऱ्याला भ्यायचं न्हाई, राव,” ते म्हणाले, “जस्त आपलं काम करतंय. आधी ते जाणार, लोखंडाला हात लागू देणार न्हाई. लाल दिसलं की मग मॅनेजरला बोलवा.” चार वर्षं मी तेच केलं. पांढरं दिसलं की तास लिहायचे आणि झाकण लावायचं.

म्हणूनच पहिल्या तपासणीला मॅडमनी केशरी गोळ्या लिहून दिल्या तेव्हा मला चिठ्ठीवरचा प्रत्येक शब्द ओळखीचा वाटला. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, ल्युटीन आणि जस्त. जस्त! मी विचारलं की ऑपरेशननंतर ऑक्सिजनमुळे डोळ्याचं आतून जे नुकसान होतं ते ह्याने थांबेल ना. मॅडमनी पेन खाली ठेवून मी काय करते ते विचारलं, मी गंजाचं सांगितलं, आणि त्या पहिल्यांदा हसल्या. मग तुम्हाला लवकर कळेल, म्हणाल्या. डोळ्यातल्या जेलीत क जीवनसत्त्व भरपूर असतं, ते आत आलेला ऑक्सिजन आधीच खाऊन टाकतं. जेली गेली की राखणदार गेला. मग ऑक्सिजन भिंगापर्यंत पोचतो आणि वर्षा-दोन वर्षांत भिंग धुरकटतं, म्हणजे मोतीबिंदू. तो काढता येतो, त्याचं भय नको. गोळी पोटातून डोळ्यात किती पोचते आणि पोचून किती उपयोगी पडते, ते अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अपाय नाही, म्हणून देते. थेंब मात्र एकही चुकवायचा नाही. एवढं सगळं त्या नीट बोलल्या आणि मी त्यातलं राखणदारापर्यंतच ऐकलं. थेंब तर मी घालतच होते, पण थेंब कोणीही घातले असते. गोळी माझी होती. पंधरा दिवस टोपल्या हलवणाऱ्या सुनेला भरपाईसाठी काहीतरी हवं होतं, आणि ते केशरी रंगाचं, रोज सकाळी साडेआठला तळहातावर ठेवता येईल असं मिळालं होतं. मी मोबाइलवर शोधनिबंध वाचायचे, उंदरांचे, सशांचे, अर्धे समजायचे. आईंच्या हातावर गोळी ठेवायची, पाण्याचा तांब्या ठेवायचा, तक्त्यावर खूण करायची. सुजित म्हणायचा, तू काय आईचा बोल्ट केलास की काय. मी हसायचे आणि खूण गडद करायचे.

पस्तिसावी खूण केली त्या दिवशी, म्हणजे दवाखान्याच्या आदल्याच दिवशी, सकाळी दहाला ओवीच्या शाळेतून फोन आला. मुलीने उलटी केलीय, घेऊन जा. महिन्यातली ही तिसरी. पहिल्या वेळी मी पराठ्याच्या तेलाला दोष दिला होता, दुसऱ्या वेळी दुधाला. दूधवालाही बदलला होता. रिक्षात मी तिचं तोंड पुसलं, आणि रुमालावर एक ठिपका उमटला. बारीक, तांदळाच्या कणीएवढा, केशरी. बाहेर दिघीचा रस्ता चालला होता, लष्कराच्या भिंतीवरची काटेरी तार उन्हात चमकत होती, रिक्षावाला कोणाला तरी शिवी देत होता, आणि मी त्या ठिपक्याकडे बघत होते. हा रंग मी पस्तीस दिवस बोटांत धरला होता. कानांत एकदम पेटीच्या धुक्याचा आवाज आला, तो बारीक सू सू आवाज, चार वर्षं रोज ऐकलेला. मी ओवीला अगदी सहज विचारलं, म्हणजे सहज वाटावं म्हणून जेवढा जोर लावावा लागतो तेवढा लावून विचारलं. तिने चष्मा नाकावर वर सारला. मग म्हणाली, “डोळेगोळी. आजी देते. गुळात.” रोज? रोज. शाळेची व्हॅन यायच्या आधी? हो, मी तिची वेणी घालून आत गेले की. “अर्धी तिला, अर्धी मला. आई, तू रागवू नको, मला आजीसारखा डोळा नकोय.”

घरी आई जमिनीवर बसल्या होत्या, पुढ्यात बटवा. बटव्यात अडकित्ता, सुपारीचं खांड आणि कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा. अडकित्त्याच्या पात्यावर केशरी भुकटी होती. साडेआठला मी पाठ वळवून खूण करायला फ्रीजकडे जायचे, तेवढ्या चार पावलांत त्या गोळी बटव्यात टाकायच्या. तक्त्यावरची माझी प्रत्येक खूण अर्धीच खरी होती. मला आठवतं, मी आवाज चढवला नाही. त्याहून वाईट केलं, चपला काढता काढता, त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “तुम्ही माझ्या पोरीला औषध चारलंत.”

“इख न्हाई चारलं,” आई म्हणाल्या. “माज्या तोंडातली अर्धी दिली.”

मी म्हटलं, डोळा तुमचा गेला असता. त्याचसाठी मी दीड महिना मरमर मरतेय.

त्या बराच वेळ अडकित्ता मिटत आणि उघडत राहिल्या. मग म्हणाल्या, “माजा गेला तर गेला, सत्तरी आली. तिचा नंबर तीन हाय. माजा आठ व्हायला तीनापासनंच सुरवात झाली आसंल न्हवं? तूच तुज्या आईला फोनवर म्हनालीस, नंबर सासूकडनं आलाय. मग माज्याकडनं निस्ता रोगच जायचा व्हय? औषध यकटीनं कसं खायचं गं?”

मी ते खरंच बोलले होते. दिवाळीआधी, ओवीच्या शाळेत डोळे तपासले त्या दिवशी, सांगवीला माहेरी फोन करून, गॅलरीत उभी राहून, दार ओढून घेऊन. दार पुरतं लागलं नसणार. एवढे महिने ते वाक्य त्यांनी बटव्यात जपून ठेवलं होतं आणि मी फक्त त्यांच्या डोळ्यात काय उडतंय ते चुकीचं ओळखत बसले होते. मी ओवीला उचलून कोपऱ्यावरच्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, गोळीचं पाकीट उलटसुलट वाचलं आणि सांगितलं की हे प्रमाण मोठ्या माणसाचं आहे, उपाशीपोटी गेलेल्या जस्ताने मळमळतंच, बंद करा, दोन दिवसांत साफ बरं वाटेल. संध्याकाळी ओवीने वरणभात दोनदा मागितला. तिची काळजी तिथे संपली आणि मग सगळी काळजी एकाच डोळ्यात येऊन साचली. अर्धा राखणदार. पस्तीस दिवस अर्धाच.

“पुतळाबाई,” नर्सने हाक मारली आणि मी आईंच्या आधी उभी राहिले. आत अंधार होता, मॅडमच्या कपाळावर दिवा. आई हनुवटी टेकून बसल्या. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. मॅडम मान न हलवता बघत होत्या, त्या पहिल्या दिवसासारख्याच, आणि मी भिंतीला टेकून उभी होते, ओवीचा हात माझ्या हातात इतका दाबलेला की तिने तो सोडवून घेतला. मग मॅडमनी दिवा काढला, आईंना चष्मा देऊन समोरचा तक्ता लावला. अक्षरं न येणाऱ्यांसाठी असतो तो, तीन दातांच्या आकृत्यांचा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तपासणीला आईंना त्यातली फक्त सगळ्यात वरची, परातीएवढी आकृती दिसली होती. त्यांनी डावा डोळा बारीक केला. “फणी हाय ती,” म्हणाल्या. “दात वर. पुढची, दात दाराकडं.” दुसरी ओळ. तिसरी. चौथीला त्या थांबल्या. “हिचं दात माज्याकडं न्हाईत, अनूकडं हायेत. बराबर?” बरोबर होतं. पाचवी ओळ त्यांनी कांदा निवडावा तशी निवडली, खाली, वर, दाराकडं, अनूकडं, आणि शेवटची फणी म्हणे तिच्या दातांत मळ अडकल्यासारखी दिसते, नीट सांगता येत नाही. सहाव्या ओळीच्या दोन. मॅडमनी तक्ता बंद केला. “पडदा सगळीकडून सपाट बसलाय,” त्या म्हणाल्या. “कुठे फट नाही, डोळ्यातला दाब उत्तम. ह्या वयात, उणे आठच्या डोळ्यात, माझ्याकडे असे फार होत नाहीत.”

मी रडेन असं मला वाटलं होतं. त्याऐवजी मी सांगून टाकलं. अडकित्ता, गूळ, अर्धी गोळी, पस्तीस दिवस, सगळं, आरोपीसारखं, एका श्वासात. मॅडमनी आधी ओवीला जवळ घेऊन पोटाचं विचारलं, आईंना जरा दटावलं की औषध म्हणजे प्रसाद नव्हे, आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवली. गोळी अख्खी घेतली असती तरी आज हेच दिसलं असतं, म्हणाल्या, आणि न घेतली असती तरी बहुतेक हेच. ज्या दहा दिवसांनी पडदा चिकटवला ते दहा दिवस ह्या बाईंनी मान हलवली नाही. मी तो ‘बहुतेक’ मनात उचलून ठेवला. लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला बहुतेक हा शब्द हलका वाटत नाही. भिंगावर किंचित पांढुरकेपणा सुरू झालाय, तो अपेक्षितच आहे, दरवेळी बघत राहू, गरज पडली की काढू. पांढरा. मी मान डोलावली. मला भीती वाटली नाही; सहा आठवड्यांत पहिल्यांदा पांढरं दिसलं आणि मी फक्त तास लिहून झाकण लावावं तसं ते ऐकून घेतलं. ओवीला गोळी कुठलीच नको, वर्षातून एकदा थेंब घालून तपासणी, मोबाइल कमी आणि रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळ. “दोन तास?” आईंनी विचारलं. “उन्हात? फुकट?” आणि त्या तिथेच ठरवून मोकळ्या झाल्या की मैदानावर न्यायचं काम त्यांचं. औषध वाटून खायचं नसेल तर ऊन तरी वाटून खाता येतं.

बाहेर कडक ऊन होतं. मोठ्या झालेल्या बाहुलीमुळे आईंना ते सोसवेना, म्हणून त्यांनी दवाखान्याने दिलेला काळा चष्मा लावला, नऊवारीवर, आणि ओवी म्हणाली आजी हिरो दिसते. मी सुजितला फोन केला. यंत्रांच्या आवाजात त्याला दोनदा सांगावं लागलं, आणि मग तो नुसता फोन धरून उभा राहिला असावा, कारण मला बराच वेळ फक्त चाकण ऐकू येत होतं, हवेच्या दाबाचे फुसकारे, कुठेतरी रिव्हर्स घेणारा ट्रक. रिक्षात मी मध्ये बसले. आईंचा हात माझ्या मांडीवर पडला होता, कांद्याच्या पातीने चिरलेला, खडबडीत, आणि मी त्याच्यावर माझा ठेवला. म्हटलं, मी फोनवर बोलले ते चुकीचं होतं. त्या काळ्या चष्म्यातून समोर बघत म्हणाल्या, “चुकीचं कसं? माज्याकडनंच आलाय नंबर. अशी न हलनारी मान पन माज्याकडनंच यील बघ.” भोसरीच्या पुलावरून खाली उतरताना वारा आला, आणि मला इतकं मोकळं वाटलं की मी मोठ्याने हसले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. बघू दे. आमच्याकडे एक डोळा होता आणि तो आम्ही राखला होता, कोणी मणी निवडून, कोणी थेंब घालून, कोणी जमिनीवर उताणं झोपून.

घरी आल्यावर मी फ्रीजवरचा तक्ता काढला नाही. फक्त वर नवीन मथळा लिहिला, ओवी आणि आजी, मैदान, तास. संध्याकाळपर्यंत आईंचा डोळा निवळला. त्या टेबलाशी चहा पीत होत्या, मधे केळी होती, जरा जास्तच पिकलेली. आणि त्यांचा हात उचलला गेला. नाकासमोरून, डाव्या डोळ्याकडे. माझ्या हातातली गाळणी तिथल्या तिथे थांबली. त्यांनी दुसराही हात वर केला, क्षणभर दोन्ही हात हवेत तसेच धरले, नेम धरल्यासारखे, आणि फाटकन टाळी वाजवली. तळवा उघडून माझ्यापुढे धरला. रेघांच्या मधोमध एक बारीक काळा ठिपका, त्याला दोन पंख. “ह्ये बघ,” त्या म्हणाल्या, “ह्ये खरं हाय.” ओवी नाचली. मी केळी उचलली नाहीत, टोपली हलवली नाही. मी ते चिलट नीट, जवळून, दोन्ही डोळ्यांनी बघितलं.

तुम्ही हे वाचत असताना तुमच्या घरातही कोणीतरी शेजारच्या खोलीत बसलेलं असेल, आई, सासरे, आत्या, कोणीही, ज्यांनी ह्या महिन्यात एकदा डोळ्यासमोरून हात फिरवला आणि तुम्ही काही विचारलं नाही. घरात कांदे असतील, गल्लीत वेल्डिंग चालत असेल, सगळी कारणं खरीच असतील. तरी हातातलं खाली ठेवा. त्यांच्यापाशी जाऊन बसा, एक डोळा तळव्याने झाकायला सांगा आणि विचारा, आता काही उडताना दिसतंय का, कुठे लख्ख होतंय का, कडेने अंधार आलाय का. मग दुसरा डोळा. हो म्हणाले तर चपला घाला आणि त्यांना आजच घेऊन निघा. नाही म्हणाले तर चहा टाका. पण आधी उठा. एवढं बघून या.